तह दोघांचा, बोजा तिसऱ्यावर

निजामशाहीचा इतिहास म्हणजे हिंदू-मुसलमानांची भांडणे, असे आपल्या मराठवाड्यात वर्षानुवर्षे सांगितले जाते. जमाखर्चाची वही मात्र कोणी उघडत नाही.

१७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवले. निजामाचा मित्र म्हणवणारा इंग्रज त्या वेळी तटस्थ राहिला. चिडलेल्या निजामाने फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणींवर भरवसा टाकला. दोन गोऱ्यांना एकमेकांविरुद्ध झुलवू, ही दुबळ्या दरबाराची नेहमीची समजूत! १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. त्याच वर्षी वेलस्लीने निजामाच्या गळ्यात तैनाती फौजेचा तह बांधला आणि ऑक्टोबरमध्ये हैदराबादची सुमारे १४ हजारांची फ्रेंच फौज निःशस्त्र केली.

प्रतिस्पर्धी गेला, मग वसुली सुरू झाली. तैनाती फौजेपोटी १८०० साली बेल्लारी-कडप्याचा मुलूख गेला. वर कंटिंजंट नावाची आणखी एक फौज लादली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. वकील म्हणून मी इथे अडतो. १८०० च्या तहात युद्धकाळी सैन्य देण्याचे कलम होते. शांततेत कायमची फौज पोसण्याचे नव्हते. खुद्द डलहौसीने हे मान्य केले, पण वसुली सोडली नाही. ४० लाखांहून अधिक थकबाकी दाखवून १८५३ साली वऱ्हाड प्रांत ताब्यात घेतला. आमचे नायगाव निजामाकडे राहिले; पैनगंगेपलीकडचे उमरखेड-पुसद इंग्रजी अमलाखाली गेले. आणि निजामाच्या पैशावरच्या या इंग्रजी पलटणी लढल्या कोणाशी? १८१९ साली हदगाव भागात नोवसाजी नाईकांच्या हटकरांशी. रयतेच्या साऱ्यावर पोसलेली फौज रयतेवरच चालून आली!

शंभर वर्षांनी मोरोक्कोत हेच घडले. १९०४ साली इंग्लंड-फ्रान्सने परस्पर ठरवून टाकले: इजिप्त तुम्हाला, मोरोक्को आम्हाला. सुलतानाला विचारले कोणी? त्याच वर्षी फ्रेंच बँकांनी त्याला कर्ज दिले आणि जकातीचे ६० टक्के उत्पन्न तारण घेतले. १९११ मध्ये जर्मनीने आगादीरला युद्धनौका पाठवली, तेव्हा काँगोतला मुलूख देऊन तिची समजूत काढली. म्हणजे मोरोक्कोची किंमत तिसऱ्याच्याच जमिनीतून चुकवली! १९१२ च्या फेझच्या तहानंतर सुलतान नावापुरता उरला.

गाद्या मात्र शाबूत राहिल्या. निजामाची तर १९४८ पर्यंत. १९०२ साली त्याने वार्षिक २५ लाखांच्या भाड्याने वऱ्हाड इंग्रजांना कायमचा देऊन टाकला. त्या कागदावर निजाम आहे, इंग्रज आहे. सारा भरणारा कुणबी आणि वेठ राबणारा महार-मांग कुठेच नाही.