डी५० लिहिता, मग पद्धतही लिहा

खनिज भुकटीच्या धंद्यात एक वाद पुन्हा पुन्हा उठतो. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर डी५० तीन मायक्रॉन, खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत तोच सहा-सात, आणि अख्खा लॉट परत. बऱ्याचदा दोन्हीकडची यंत्रे ठीक असतात, माणसेही चोख काम करणारी असतात. एकाने एक्स-रे सेडिमेंटेशनने मोजलेले असते, दुसऱ्याने लेसरने. नेमकी हीच गोष्ट दोन्ही कागदांवर नसते.

चिनी माती, शंखजिरे, अभ्रक यांचे कण चपटे. चपटा कण तेवढ्याच वजनाच्या गोल कणापेक्षा पाण्यात सावकाश बसतो, म्हणून स्टोक्सच्या नियमाने तो लहान ठरतो. लेसरच्या झोतात तोच कण आपली रुंद बाजू पुढे करतो आणि मोठा ठरतो. चिनी मातीत हा फरक सहज दुपटीवर जातो. दोन्ही यंत्रे कणाला गोल समजूनच व्यास सांगतात. फक्त एक बसण्याच्या वेगावरून, दुसरे प्रकाशाच्या विखुरण्यावरून. त्यात खरा कोणता आणि खोटा कोणता, हे भांडणच निरर्थक आहे. करारात पद्धत लिहिली असती तर ट्रक परत फिरला नसता.

पद्धत ठरली तरी परिस्थिती नोंदवावीच लागते. क्वार्ट्झचा २ मायक्रॉनचा कण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे पावणेआठ तास घेतो. ३० अंशांना सहा तासांहून थोडा जास्त. पिपेटने काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मे महिन्यात एसी बंद पडला आणि वेळ जुन्याच तक्त्यावरून धरली, तर माल आहे त्यापेक्षा जाड दिसेल. लेसरवाल्यांनी अपवर्तनांक तपासावा. हेमॅटाइटसाठी कॅल्साइटचा अंक तसाच ठेवला, तर मायक्रॉनखालच्या भागावर विश्वास ठेवता येत नाही.

आम्हाला याहून मोठी काळजी वाटते ती नमुन्याची. बाटली गाडीत हिंदकळत येते, बारीक कण फटींतून खाली सरकतात, जाडसर वर राहतात, आणि आपण वरूनच चमचाभर उचलतो. ॲलन आणि खान यांनी १९७० साली जाड व बारीक वाळूचे ६०:४० मिश्रण निरनिराळ्या पद्धतींनी विभागून पाहिले. चमच्याने घेतलेल्या नमुन्यांत प्रमाण विचलन ५.१४ टक्के आले, फिरत्या रिफलरने ०.१२५. ढीग करून चार भाग पाडण्याची आपली लाडकी रीत तर चमच्यापेक्षाही वाईट निघाली: ६.८१. लाखोंचे लेसर यंत्र घेणाऱ्या कारखान्यात त्यामानाने स्वस्तातला रिफलर नसावा, हे आम्हाला पटत नाही. १० मायक्रॉनच्या एका कणाचे आकारमान १ मायक्रॉनच्या हजार कणांएवढे असते. म्हणजे नमुन्यात मूठभर जाड कण जास्त आले, की डी९० लगेच वर चढतो.

पुढच्या अंकापासून या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत आणि जाहिरातींत डी५० दिलेला असेल, तर त्याच ओळीत मोजण्याची पद्धत हवी. कण सुटे करायला काय घातले आणि अल्ट्रासोनिक किती मिनिटे चालवले, हेही लेखकांनी द्यावे; अभ्रकाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण जास्त वेळ चालवले की पापुद्रेच तुटू लागतात. हा तपशील नसलेला मजकूर आम्ही लेखकाकडे परत पाठवू.