तांब्याचा हिशोब कचरा वेचणाऱ्या बाईकडेच का?

सोसायटीच्या गच्चीवरून ए.सी.चा तांब्याचा पाइप कुणी कापून नेला, की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी सुरू होते : भंगारवाल्यांना वेसण घाला. आधार कार्डाशिवाय माल घेऊ देऊ नका, रोख पैसे बंद करा, पोलिसांत नोंद करा. अमेरिकेतल्या काही राज्यांत ए.सी.च्या कॉइलचे पैसे रोखीने देता येत नाहीत, हा दाखलाही कुणीतरी चिकटवतो. चोरी होते, हे खरे आहे. एखाद्या लहान दवाखान्याचा पाइप गेला तर त्याचे किती नुकसान होते, हे आम्हालाही कळते. तेव्हा भंगारातल्या तांब्याच्या खरेदी-विक्रीला नियम हवेत, हे आम्ही आधीच मान्य करतो. आमचे भांडण पुढचे आहे : नियमाचा बडगा साखळीच्या कोणत्या टोकावर पडणार?

ही साखळी मागणी करणाऱ्यांनी कधी पाहिलेली नसते. नवा ए.सी. बसवायला आलेला मेकॅनिक जुना काढून नेतो, किंवा घरमालकच तो भंगारात देतो. मग तो फोडला जातो. पत्रा वेगळा, कॉम्प्रेसर वेगळा, तांब्याच्या नळ्यांची कॉइल वेगळी. हातगाडीवरून गल्लीतल्या दुकानात, दुकानातून गोदामात, गोदामातून भट्टीत. भट्टीत एकदा वितळले, की चोरीचे तांबे कोणते आणि घामाचे कोणते, हे कुणालाही सांगता येत नाही. म्हणजे चोरीचा माल जिरवण्याची खरी ताकद गोदाम आणि भट्टीकडे आहे. चौकीत मात्र बसवली जाते ती गोणी घेतलेली बाई.

आमच्या वस्तीतली अशीच एक बाई सबंध दुपार बसून होती. गोणीत चार किलो कॉइल. बंगल्याच्या वॉचमनने दिलेली. पावती? वॉचमन पावती देतो का? तिची वीस वर्षे याच कामात गेली, पण ‘कुठून आणलंस’ या प्रश्नाला तिचा शब्द पुरत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम १२४ पाहा. चोरीचा असावा असे मानायला कारण असलेला माल ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच न्यायदंडाधिकाऱ्याचे समाधान होईल असा खुलासा द्यायचा. वकील, जी.एस.टी. क्रमांक आणि वहीखाते असलेल्या माणसाला हे अवघड नाही. जिची मिळकतच बिनपावतीची आहे तिला ते जवळजवळ अशक्य आहे. आणि ‘मानायला कारण’ कशावरून ठरते? आमच्याकडे तरी ते आडनावावरून, पारध्याच्या पालावरून, वस्तीच्या नावावरून ठरत आले आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसाच्या नजरेतून तो उतरलेला नाही.

धातू आणि जात यांचे नाते आमच्या लोकांना नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात अस्पृश्य बायांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. ही घटना बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. तेव्हा डोक्यावर धातूची घागर दिसली की उद्दामपणा, आज गोणीत तांबे दिसले की चोरी.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण कायदाच नाही अशी ओरड खोटी आहे. ए.सी. हा ई-कचरा आहे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात नोंदणी चौघांची : बनवणारा, बाजारात आणणारा, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा. हातोडी घेऊन प्रत्यक्ष फोडणारा माणूस या यादीत नाहीच. कंपनीने ठरलेल्या प्रमाणात पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे विकत घेतली की तिची जबाबदारी संपली. ती प्रमाणपत्रे ज्या धातूंवर निघतात त्यांत तांबेही आहे. म्हणजे तांबे कागदावर कंपनीच्या खात्यात, आणि धूर आमच्या पोरांच्या छातीत.

धुराबरोबर वायूही आहे. नळी कापली की आतला गॅस हवेत जातो. जुन्या ए.सी.तला आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट हवा तापवतो. तो काढून घ्यायचे यंत्र आणि सिलिंडर हातगाडीवाल्याने कुठून आणायचे? ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पुरवले पाहिजे. याच नियमांनी कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि सुरक्षितता राज्याच्या कामगार खात्यावर सोपवली आहे. आमच्या वस्तीत त्या नोंदणीचा एकही फॉर्म अजून आलेला नाही.

वर नियमन करणे अवघड असते, असे कुणी सांगू नये. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले, तर जी.एस.टी. नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा आहे. कर वसूल करताना सरकारला मोठा खरेदीदार बरोबर सापडतो. चोरी शोधतानाच तो कसा हरवतो?

म्हणून आमचे म्हणणे असे. जुना ए.सी. देताना घरमालकाने किंवा मेकॅनिकने साधी चिठ्ठी द्यावी, तीत युनिटवरचा क्रमांक असावा. गोदाम आणि भट्टीने कॉइलची आवक रोजच्या रोज वहीत नोंदवावी आणि तपासणी तिथे व्हावी. रोखीवर सरसकट बंदी नको. जिचे बँक खाते चालू नाही, जिला संध्याकाळचे पीठ आजच्या पैशातून आणायचे आहे, तिला ती बंदी थेट सावकाराच्या दारात नेईल. ठरावीक वजनापर्यंत रोख चालू द्या, पुढे बँकेतून द्या. महापालिकेने ओळखपत्र द्यावे आणि ते असलेल्या व्यक्तीचा माल पंचनाम्याशिवाय जप्त करू नये. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून संघटना बांधून ओळखपत्रे मिळवून दाखवली, तेव्हा हे हवेतले बोलणे नाही.

या मागण्यांचे निवेदन आम्ही कामगार खात्याला देणार आहोत. ज्यांचा माल पावती नाही म्हणून जप्त झाला, त्यांनी तारीख, वजन आणि कुणी दिला होता एवढे लिहून आणावे. लिहिता येत नसेल तर नुसते या, आम्ही लिहून घेऊ.

जय भीम!