विस्तारवाढीचे वेळापत्रक सभासदांना दिसले पाहिजे



साखर धंद्यात सध्या विस्तारवाढीची भाषा सगळीकडे आहे. कुठे गाळप क्षमता वाढते, कुठे आसवनी उभी राहते, कुठे सहवीजनिर्मिती. वार्षिक सभेत ठराव होतो, टाळ्या पडतात, नारळ फुटतो. पुढे काम ठेकेदाराकडे आणि इंजिनिअरकडे गेले की सभासद म्हणतो, "ते आपलं काम नाही." माझे मत याच्या उलट आहे. बांधकामाचे वेळापत्रक हा ऊस उत्पादकाच्या खिशाचा प्रश्न आहे.

कारण सरळ आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो ऊस १६ ते १८ महिन्यांनी तोडणीस येतो. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरची, ती १४-१५ महिन्यांनी. म्हणजे 'पुढच्या वर्षीच्या हंगामाला नवी मिल फिरेल' असे कारखान्याने सांगितले की सभासद त्या भरवशावर आजच कांडी मातीत घालतो. मिल चार महिने लांबली तर ऊस काही तिच्यासाठी थांबत नाही. तुरा येतो, वजन घटते, उतारा उतरतो. २०२१-२२ च्या हंगामात ऊस भर उन्हाळ्यात, पार जूनपर्यंत शेतात उभा राहिला आणि मे महिन्यापासूनच्या गाळपाला सरकारला उतारा घटीचे टनाला २०० रुपये अनुदान द्यावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. तेव्हाचे कारण विक्रमी ऊस हे होते, पण शेतात उभ्या उसाला कारण विचारून वजन येत नाही. २०२५-२६ साठी एफ.आर.पी. क्विंटलला ३५५ रुपये आहे, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्याच्या वर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपयांचा फरक पडतो. तारीख चुकली की पैसा कुठून जातो ते यावरून समजावे.

आता बांधकामाची तारीख ठरते कशी? जुनी रीत म्हणजे कागदावर आडव्या पट्ट्यांचा तक्ता. पाया या महिन्यात, कॉलम त्या महिन्यात. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत त्याच्या पुढची पद्धत निघाली. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे जोडत जायचे आणि जी साखळी सर्वांत लांब, तिच्यावर नजर ठेवायची. त्या साखळीतले काम एक दिवस मागे पडले की सगळा प्रकल्प एक दिवस मागे. हे आपल्याला नवीन नाही. टोळी आली पण ट्रॅक्टर नाही, ट्रॅक्टर आला पण गव्हाण बंद, हा अनुभव शेतकी खात्याला रोजचाच आहे.

या तक्त्याची अडचण अशी की तो फक्त तारखा सांगतो, जागा दाखवत नाही. सिव्हिलचा नकाशा एकाकडे, मशिनरीचा दुसऱ्याकडे, विजेचा तिसऱ्याकडे. तिघांचे तक्ते कागदावर बरोबर असतात आणि साईटवर वाफेची पाईप नेमकी तुळईत घुसते. मग फोडा, पुन्हा बांधा, भांडा.

यावर आता जी पद्धत आली आहे तिला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतात. थोडक्यात बी.आय.एम. यात इमारत आणि यंत्रे मिळून सगळे आधी संगणकावर लांबी-रुंदी-उंचीसह उभे करतात. प्रत्येक कॉलमला, पाईपला, बॉयलरच्या ड्रमला स्वतःची नोंद असते, जशी आपल्याकडे प्रत्येक प्लॉटची असते. त्या नोंदीला कामाची तारीख जोडली की ते झाले फोर-डी, खर्च जोडला की फाईव्ह-डी. मग पडद्यावर महिना पुढे सरकवत जायचे. अमुक तारखेला काय उभे असेल, क्रेन कुठे लागेल, ड्रम वर चढवायच्या आधीच कोणी भिंत बांधून वाट बंद करत नाही ना, हे सगळे खडी येण्यापूर्वी दिसते. काळ्या जमिनीतला पाया पावसाआधी वर आला नाही तर दसऱ्याचे अग्निप्रदीपन होणार कसे, हेही त्यात उघड होते.

ही परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. इंग्लंडमध्ये केंद्र सरकारच्या बांधकामांना २०१६ पासून ही पद्धत सक्तीची आहे हे खरे, पण आपल्या महाराष्ट्रातही नागपूर मेट्रोने सुरुवातीपासून फाईव्ह-डी पद्धत स्वीकारली. केंद्राची मंजुरी २०१४ ची, पहिली गाडी मार्च २०१९ ला धावली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. हे सगळे श्रेय संगणकाचे, असे मी म्हणत नाही. पण भर शहरातून जाणाऱ्या, अनेक ठेकेदारांच्या कामाला तिथे एकच आराखडा आणि एकच तारखेची वही होती, हे घेण्यासारखे आहे.

उलट बाजूही मांडतो. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातले निळवंडे पाहा. मूळ प्रकल्प १९७० चा, तेव्हाचा अंदाज सुमारे ८ कोटींचा. डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ ला आणि खर्च गेला ५,१७७ कोटींच्या घरात. १८२ गावांच्या दोन पिढ्यांनी पाण्याची वाट पाहिली. संगणक नव्हता म्हणून ते रखडले का? नाही. जागा बदलली, पुनर्वसन अडले, निधी पुरला नाही. ज्या कामाला पैसा आणि जमीन नाही, त्याला कोणतेही मॉडेल वेळेवर नेऊ शकत नाही. तेव्हा पडद्यावरची रंगीत चित्रे पाहून कोणी हुरळून जाऊ नये. मॉडेलमध्ये प्रत्यक्ष झालेले काम दर आठवड्याला खरे भरले तरच त्याला किंमत. खोटी नोंद वहीत केली काय नि संगणकात केली काय, फसवणूक तीच.

काही संचालक मित्र विचारतात, हा खर्च परवडेल का? माझे उत्तर असे की गोदाम किंवा कंपाऊंडसाठी नकोच, तिथे साधा तक्ता पुष्कळ झाला. पण मिल, बॉयलर, आसवनी अशा कामात चार-पाच ठेकेदार एकमेकांच्या पायात येतात. तिथे ही अट निविदेतच घालावी. काम सुरू झाल्यावर मागितली तर ठेकेदार वर पैसे मागणार.

म्हणून कुठल्याही विस्तारवाढीच्या ठरावाला हात वर करण्यापूर्वी सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात. एक, सर्व ठेकेदारांचे काम एकाच आराखड्यात, तारखांसह जोडले आहे काय? दोन, प्रत्यक्ष प्रगती दर महिन्याला याच पत्रकात छापणार काय? तीन, काम मागे पडले तर शेतकी खात्याला ते कधी कळणार? हा तिसरा प्रश्न मी माझ्या खुर्चीवरून मुद्दाम घालतो. मला जूनच्या आत खरी तारीख कळली तर आडसालीच्या नोंदी मर्यादेत ठेवता येतील, जादा ऊस शेजारच्या कारखान्याला देण्याची बोलणी वेळेत करता येतील. लागणी होऊन गेल्यावर कळले तर माझ्या हातात फक्त सभासदांची बोलणी खाणे उरते.

१९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर आणि विश्वासावर. आज भागभांडवल वाढले आहे, तेव्हा हिशेब मागण्याची सवयही वाढली पाहिजे. पैशाचा हिशेब आपण ताळेबंदात मागतोच. तसाच तारखांचा हिशेबही मागावा, तो आपला हक्क आहे.

– ऊस विकास अधिकारी, भिंगार