जोखीम कुणाच्या माथी?

येत्या १ सप्टेंबरला भारतीय आयुर्विमा महामंडळाला ७० वर्षे पूर्ण होतील. शिरस्त्याप्रमाणे विमा सप्ताह साजरा होईल. शाखांच्या दारांवर तोरणे लागतील, रक्तदान शिबिरे भरतील, सर्वाधिक धंदा आणणाऱ्यांना शाली पांघरल्या जातील. किती पॉलिसी विकल्या, किती दावे निकाली काढले, याचे आकडे जाहीर होतील आणि त्यांचा अभिमान वाटावा असेच ते असतील. पण ते आकडे उभे करणारी माणसे, म्हणजे शाखेतला सहायक, विकास अधिकारी, दाव्यांच्या टेबलावर बसणारी कर्मचारी आणि उन्हातान्हात दारोदार फिरणारा एजंट, यांची अवस्था काय आहे, हा विषय सत्काराच्या भाषणात सहसा येत नाही. तो फक्त महामंडळाचाही नाही. सरकारी असो वा खासगी, आयुर्विमा असो वा सर्वसाधारण विमा, या धंद्यातल्या प्रत्येक कार्यालयाला तो लागू आहे. वर्धापनदिन हे त्याबद्दल बोलण्याचे निमित्त.

या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा आकाशवाणीवरून केली ती अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे रायगडाच्या परिसरातल्या नाते गावच्या सुपुत्राने. लहानमोठ्या २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एका छत्राखाली आल्या. प्रत्यक्ष महामंडळ सुरू झाले तेव्हा मात्र देशमुख अर्थमंत्री नव्हते; मुंबईच्या महाराष्ट्रातील समावेशाच्या प्रश्नावर त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता. राष्ट्रीयीकरणाआधी पाच वर्षे, १९५१ मध्ये, विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना मुंबईतच स्थापन झाली होती आणि राष्ट्रीयीकरणाची मागणी ती करीत आली होती. संस्था कशी असावी याबद्दल तिथे राबणाऱ्यांनाही काही म्हणायचे असते, हे तेव्हा गृहीत धरलेले होते. आज ते तसे आहे का, हे तपासायला हवे.

विम्याचे तत्त्व सोपे आहे. एकावर कोसळणारे संकट हजारांनी थोडेथोडे वाटून घ्यायचे, म्हणजे ते कुणालाच चिरडत नाही. या तत्त्वावर ज्यांचा धंदा उभा आहे, त्यांच्या कार्यालयांत मात्र नेमकी उलटी गंगा वाहताना दिसते. तिथे अनेकांची जोखीम शेवटी एकाच्या माथी येते. वर्षाचे उद्दिष्ट वर ठरते. ते विभागाकडून शाखेकडे, शाखाधिकाऱ्याकडून विकास अधिकाऱ्याकडे आणि त्याच्याकडून एजंटाकडे उतरत जाते. प्रत्येक पायरीवर वरचा आपला भार खालच्याच्या खांद्यावर देतो. विकास अधिकाऱ्याची पगारवाढ त्याने आणलेल्या धंद्याशी आणि त्याच्यावर होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणाशी बांधलेली. एजंटाला तर पगारच नाही. पॉलिसी विकली तर कमिशन, नाही विकली तर ना कमिशन ना पेट्रोलचे पैसे. मार्च एंडिंगला ही उतरंड किती गच्च होते, हे विमा कार्यालयाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ठाऊक असते.

मे २०२२ मध्ये महामंडळाचा शेअर बाजारात आला. सरकारने साडेतीन टक्के हिस्सा विकला. तेव्हापासून वर्षाच्या हिशेबाच्या जोडीला दर तिमाहीच्या निकालाची तलवारही लटकू लागली. खासगी कंपन्यांत ती पहिल्यापासून आहेच, आणि जिथे बँकेच्या शाखेतून विमा विकला जातो तिथे ती बँकेच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याच्याही डोक्यावर असते. याची किंमत फक्त कर्मचारी मोजतात असे नाही. ३१ मार्चच्या आत आकडा गाठायचा म्हणून निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात त्याला न परवडणारी पॉलिसी मारली जाते. दुसऱ्या वर्षी तो हप्ता भरत नाही, पॉलिसी लॅप्स होते, आणि त्याच्या मनातून विमाच उतरतो. फसवून केलेल्या विक्रीची मुळे बऱ्याचदा विक्रेत्याच्या स्वभावात नसतात. ती सकाळच्या आढावा बैठकीत असतात. कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य हा हळवा विषय नसून धंद्याच्या टिकाऊपणाचा विषय आहे, तो या अर्थाने.

दुसरा प्रश्न सामावून घेण्याचा. विमा हा माणसांची वर्गवारी करणारा व्यवसाय आहे. वय, प्रकृती, पेशा, सवयी पाहून धोक्याचे मोजमाप करणे हे अंडररायटरचे कामच. पण वर्गवारी आणि पूर्वग्रह यांच्यातली रेघ बारीक असते. एकोणिसाव्या शतकात परदेशी कंपन्या हिंदी माणसाच्या आयुष्याला कमी प्रतीचे समजून जादा हप्ता आकारीत. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटीने हिंदी लोकांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. स्वतंत्र भारतातही ही वर्गवारी संपली नाही. महामंडळाने एक मुदत विमा योजना सरकारी, निमसरकारी किंवा नामांकित कंपन्यांतील नोकरदारांपुरतीच राखून ठेवली होती. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. शेतमजूर, रिक्षावाला, छोटा दुकानदार यांना दारातच अडवणारा नियम कल्याणकारी राज्याच्या संस्थेला शोभत नाही, असा त्याचा अर्थ.

जी नजर विमेदाराकडे पाहते, तीच कर्मचाऱ्याकडेही वळते. याचा सर्वांत बोलका दाखला १९९१ च्या निकालात आहे. महामंडळात सहायक म्हणून परिविक्षेवर रुजू झालेल्या एका स्त्रीने बाळंतपणाची रजा घेतली आणि तिला नोकरीतून कमी करण्यात आले. कारण काय, तर नोकरीपूर्वी भरलेल्या अर्जात तिने शेवटच्या पाळीची खोटी तारीख दिली. त्या अर्जात पाळी नियमित येते का, गर्भधारणा किती वेळा झाली, अशा चौकशीचे रकानेच होते. सर्वोच्च न्यायालयाने हे रकाने लाजिरवाणे आणि अपमानास्पद असल्याचे म्हटले, ते काढून टाकायला सांगितले आणि तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले. तो अर्ज कुणा एका दुष्ट अधिकाऱ्याने तयार केलेला नव्हता. विमेदाराला जे विचारायची सवय होती, तेच जरा ताणून उमेदवाराला विचारले गेले. माणूस म्हणजे एक संभाव्य दावा, ही सवय एकदा हाडीमाशी खिळली की बाळंतपण, अपंगत्व, आजारपण हे सगळे तोट्याच्या बाजूला मांडले जाते.

आज कायदे बरेच पुढे गेले आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा, सरकारी आस्थापनांत अपंगांसाठी चार टक्के आरक्षण देणारा २०१६ चा, आणि २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. वरच्या पायऱ्यांवरही स्त्रिया दिसू लागल्या. उषा सांगवान २०१३ मध्ये महामंडळाच्या पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ५७ वर्षांनी. अ‍ॅलिस वैद्यन यांनी २०१६ मध्ये जीआयसी या पुनर्विमा कंपनीची सूत्रे घेतली, तर २०१८ पासून एचडीएफसी लाइफची धुरा विभा पडळकर सांभाळत आहेत. ही नावे महत्त्वाची आहेत. तरीही शिखरावर चार नावे दिसली म्हणजे वाट सोपी झाली असे नव्हे. मधल्या पायरीवर काय घडते ते पाहावे. बढतीबरोबर बहुधा बदली येते. मुलाची दहावी, सासूचे आजारपण, नवऱ्याची नोकरी हे सारे सांभाळणारी स्त्री ‘नको ती बढती’ म्हणते आणि तिच्या सेवापुस्तकात महत्त्वाकांक्षेचा अभाव नोंदला जातो. खरे तर तिथे नोंद व्हायला हवी ती बदलीच्या धोरणाची.

डिसेंबर २०२४ मध्ये पानिपत येथे सुरू झालेली ‘विमा सखी’ योजना याच कसोटीवर पाहायला हवी. दहावी झालेल्या, १८ ते ७० वर्षे वयाच्या स्त्रियांना एजंट म्हणून प्रशिक्षण आणि तीन वर्षे मासिक विद्यावेतन: पहिल्या वर्षी ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार रुपये. खेड्यातल्या बाईच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे पडणे ही लहान गोष्ट नाही, आणि गावातल्या बायका आपल्यातल्या बाईशी पैशाबद्दल मोकळेपणी बोलतात हेही खरे. पण विद्यावेतन दरवर्षी उतरते, ते मिळवायला वर्षाला किमान २४ जणांचा विमा उतरवावा लागतो, पहिल्या वर्षीच्या ६५ टक्के पॉलिसी दुसऱ्या वर्षीही चालू राहाव्या लागतात, आणि ही पगारी नोकरी नव्हे असे योजनेतच स्पष्ट केलेले आहे. पहिल्या वर्षी मावशी, नणंद, बचत गटातल्या मैत्रिणी होतील. पुढच्या वर्षीचे २४ कोण? आणि दुष्काळाच्या साली त्यांनी हप्ते थकवले तर विद्यावेतन कुणाचे थांबणार? पाऊस न पडण्याची जोखीम इथे थेट त्या सखीच्या माथी येते. अशा वर्षी तरी ६५ टक्क्यांची अट शिथिल व्हायला हवी.

एजंटांच्या बाबतीत सरकारला हे काही अंशी उमगले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महामंडळाच्या १३ लाखांहून अधिक एजंटांसाठी ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आली. त्यांचे मुदत विमा संरक्षण ३ ते १० हजारांवरून २५ हजार ते दीड लाखापर्यंत वाढले. लोकांना लाखोंचा विमा घ्या म्हणून सांगणाऱ्याचा स्वतःचा गटविमा तोवर फार तर दहा हजारांचा होता, हे वाचून कुणालाही अवघडल्यासारखे व्हावे.

अशीच विसंगती मनाच्या आरोग्याबाबत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. शरीराच्या आजाराला जसे विमा संरक्षण, तसेच मनाच्या आजारालाही द्यावे, असे त्याने विमा कंपन्यांना बजावले. नियामकाला त्यासाठी पुन्हा पुन्हा परिपत्रके काढावी लागली. ज्या कंपन्यांना ग्राहकाचे नैराश्य हा आजार आहे हे मान्य करायला इतका वेळ लागला, त्यांच्या कार्यालयात ‘मला झोप लागत नाही’ असे साहेबांना सांगायची हिंमत कोण करील? जूनमध्ये योगदिनाचे फोटो निघतात, मदतवाहिनीचा क्रमांक फलकावर लागतो. पण ताणाचे कारण उद्दिष्टात असेल तर त्यावरचा उतारा चटईवर सापडत नाही.

विमा कार्यालयातला एक ताण तर बाहेरच्यांना दिसतच नाही. दाव्यांच्या टेबलावर रोज कुणाचा तरी नवरा, बाप, मुलगा गेलेला असतो. समोरच्या बाईकडून मृत्यूचा दाखला मागायचा, नाव-तारीख जुळवायची, तफावत निघाली तर ‘पुन्हा या’ म्हणायचे. हे करणाऱ्याचे मन कोडगे तरी होते किंवा खचते तरी. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट भरात असताना, महामंडळाने रुग्णालयात झालेल्या मृत्यूंसाठी नगरपालिकेच्या दाखल्याऐवजी काही पर्यायी पुरावे चालतील असे जाहीर केले. त्या सवलतीने वारसांची पायपीट वाचली आणि टेबलापलीकडच्या माणसालाही ‘नाही’ म्हणण्याच्या ओझ्यातून थोडी सुटका मिळाली. त्याच महिन्यात महामंडळात पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. दोन महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण पुरात बुडाले. तिथल्या चिखलाने भरलेल्या दुकानांतून नुकसान मोजत फिरणाऱ्या सर्व्हेअरसमोर आयुष्याची कमाई गमावलेले लोक उभे होते आणि हातात पॉलिसीच्या अटींचा कागद होता. अशा कामाला आलटून पालटून माणसे लावणे, मध्ये विश्रांती देणे, अनुभवी सहकाऱ्याशी बोलायची सोय करणे यासाठी मोठा खर्च लागत नाही. ते काम आहे असे मानावे मात्र लागते.

यावर व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले आहे: विमा कुणी आपणहून मागायला येत नाही, तो विकावा लागतो, उद्दिष्ट काढून घेतले तर सगळे हातावर हात ठेवून बसतील. यात तथ्य आहे. आणखी एक गोष्टही मान्य करायला हवी की, शाखाधिकारीही या उतरंडीत दबलेलाच असतो आणि त्याला एकट्याला खलनायक ठरवणे अन्याय्य आहे. म्हणूनच ही जबाबदारी शिखरावरच्यांची. उद्दिष्ट असावे, पण ते चुकले तर फटका कुणी किती सोसायचा हे आधी ठरलेले असावे, आणि त्यात वरच्यांचा वाटा मोठा असावा. नेतृत्वाची परीक्षा सत्कारात होत नाही, ती खराब तिमाहीत होते. अशा वेळी वरिष्ठ खालच्यांची हजेरी घेतो, की वरून आलेला धक्का थोडा तरी स्वतः झेलतो?

यासाठी नवी खाती उघडायला नकोत. शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. किती माणसे नोकरी सोडून गेली, त्यांत स्त्रिया किती, अपंग कर्मचारी किती, छळाच्या तक्रारी किती, हे सारे त्यात असते. नफ्याचा ताळेबंद ज्या गांभीर्याने संचालक मंडळात वाचला जातो त्याच गांभीर्याने ही पानेही वाचावीत. शाखाधिकाऱ्याची बढती ठरवताना त्याने आणलेल्या नव्या धंद्याइतकेच वजन टिकलेल्या पॉलिसींना आणि टिकलेल्या माणसांना मिळावे. बढती आणि बदली यांची गाठ जिथे सोडवता येईल तिथे सोडवावी. आणि सर्वांत आधी, कर्मचाऱ्यांच्या त्या कोष्टकात ज्यांना जागाच नाही, त्या एजंटांची आणि विमा सखींची वेगळी मोजदाद करून ती जाहीर करावी: वर्षात किती आले, किती सोडून गेले, सरासरी कमाई किती. सत्तरीतल्या महामंडळाने हा पायंडा पाडला तर खासगी कंपन्यांना मागे राहता येणार नाही. धोका मोजल्याशिवाय कुणाचाही विमा न उतरवणाऱ्या या व्यवसायाला स्वतःच्या माणसांचा धोका मोजणे जमत नाही, असे म्हणायची सोय नाही.