मोर्चा कशासाठी निघतो आणि कशासाठी निघत नाही

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. या दोन शहरांत आपल्या समाजाचे जेवढे मोर्चे मी पाहिले, त्यांची कारणं मला जवळजवळ पाठ आहेत. कुठे कुणी पैगंबरांबद्दल वाईट बोललं, म्हणून. तलाकच्या कायद्याच्या वेळी तर ज्या बायकांना एरवी जमातीच्या बैठकीत बसायला जागा नसते, त्यांनाही रस्त्यावर आणलं गेलं. नागरिकत्व कायद्याच्या वेळी मीही गेले होते. जाणं बरोबर होतं, उद्या वेळ आली तर पुन्हा जाईन.

पण आठ दिवस घंटागाडी आली नाही, म्हणून निघालेला एकही मोर्चा मला आठवत नाही. गटार तुंबून घरात आलं, रात्रभर धूर कोंडला आणि पहाटे पोराला दम लागला, तेव्हा कुणी लाऊडस्पीकरवरून 'सब लोग जमा हो जाओ' म्हणालं नाही. आपण पोराला उचलतो, रिक्षा करतो, दवाखान्यात वाफ देऊन आणतो आणि ‘अल्लाह की मर्ज़ी’ म्हणून झोपतो. मला या सवयीविरुद्धच बोलायचं आहे. धूर अल्लाहच्या मर्जीने येत नाही. कचरा कुठे टाकायचा आणि गाडी कुठल्या गल्लीत पाठवायची नाही, हे कागदावर ठरतं आणि त्या कागदावर माणसाची सही असते.

माझी एक खाला मुंबईत गोवंडीच्या बैंगनवाडीत राहते. धुळ्यात मागावरचं काम सुटल्यावर खालू तिकडे गेले ते तिकडचेच झाले. लहानपणी सुट्टीत आम्ही जायचो, तेव्हा गल्लीच्या टोकाला डोंगर दिसायचा. मला तो खरा डोंगर वाटायचा. तो देवनारचा कचरा होता. १९२७ पासून मुंबई तिथे कचरा टाकते आहे, तीनशे एकरांहून मोठ्या जागेवर. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवून माणसंही त्याच्याच पायथ्याशी, शिवाजीनगर आणि बैंगनवाडीत आणून टाकली. ९२-९३ च्या दंगलीनंतर आणखी मुसलमान कुटुंबं भीतीने तिकडे सरकली. शहराने आधी नको असलेल्या वस्तू तिथे टाकल्या, मग नको असलेली माणसं. हे मी रागाने बोलते आहे असं कुणाला वाटेल, म्हणून आकडा सांगते. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या २४ वॉर्डांत एम-पूर्व सगळ्यात तळाला होता. निर्देशांक ०.०५.

२०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं आणि दिवसेंदिवस धुमसत राहिलं. धूर नासाच्या उपग्रहातून दिसला, आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ही आग लागते कशी, तेही समजून घ्यायला हवं, कारण लहान प्रमाणात ती आपल्याकडेही लागते. भाजीचे देठ, उरलेलं अन्न, मांसाचे तुकडे हा ओला कचरा प्लास्टिकसकट ढिगाखाली दाबला गेला की हवेशिवाय सडतो आणि मिथेन वायू तयार होतो. मिथेन जळतो. वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहतं. म्हणजे आगीची सुरुवात ओला-सुका वेगळा न करता एकत्र उचलला जातो तिथेच होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे वेगळं करणं घरावर आणि वेगळं उचलणं महापालिकेवर बंधनकारक केलं. आपल्या मोहल्ल्यात यातलं काय होतं, ते उद्या सकाळी दारात उभं राहून बघा.

देवनारच्या जोडीला गोवंडीत आणखी एक दुखणं आलं. मुंबईच्या इस्पितळांतला जैववैद्यकीय कचरा, म्हणजे रक्ताळलेल्या पट्ट्या, सुया, कापलेले अवयव जाळणारा प्रकल्प २००९ पासून वस्तीच्या कुशीत चालत होता. खालाच्या घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची. ती म्हणायची, “बेटा, हम तो पूरे बंबई के मरीज़ सूँघते हैं.” वर्षानुवर्षं तिथले पुढारी मतं मागायला आले आणि ‘कौम खतरे में है’ सांगून गेले. चिमणी तशीच राहिली.

ती हलवण्याचा आदेश कसा आला, हे आपण नीट वाचलं पाहिजे. गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी ही तिथल्या रहिवाशांची संघटना. तिने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत तिथून हलवायला सांगितलं. याचिका मुसलमानांच्या वतीने नव्हती, त्या हवेत श्वास घेणाऱ्यांच्या वतीने होती. शेजारच्या माहुलचंही तसंच. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात, माहुलच्या इमारतींत पाठवलं गेलं. ते लोक हरेक जातिधर्माचे होते. विद्याविहारला फुटपाथवर महिनोन्‌महिने बसले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिन्याला १५ हजार भाडं द्या. कुणाचा अपमान झाला म्हणून ते बसले नव्हते. ‘आमची माणसं आजारी पडतायत’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

हे वाचून आपल्याकडचे शहाणे म्हणतील, ते मुंबईत होतं, तिथे वकील आहेत, चॅनेलवाले आहेत. खरं आहे. शिवाय आपल्याकडे एक जुनी भीतीही आहे आणि ती मी नाकारणार नाही. २०१३ च्या जानेवारीत धुळ्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. मोहल्ल्यातली पोरं चार जणांत उभी राहिली की आईच्या पोटात गोळा येतो, तो उगीच नाही. अर्जावर सही मागायला गेले तर लोक म्हणतात, “नाम मत लिखो बाजी, बाद में झंझट.” पण मग मला विचारायचं आहे की अपमानाच्या मोर्चाला पाच हजार पोरं जातात, तेव्हा ही भीती कुठे असते? ज्या मोर्चात दगड पडण्याची, केस लागण्याची शक्यता जास्त, तिथे पुढारी आपल्या पोरांना पाठवतात. आवक-जावक शाखेत अर्ज देऊन पोच घ्यायची, यात कुणाचं डोकं फुटत नाही, तर तिथे कुणीच जात नाही. कारण उघड आहे. पोच घेतल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत नाही आणि घंटागाडी नियमित यायला लागली, तर पुढाऱ्याला पुढच्या निवडणुकीत काय उरतं?

मी स्वतः एकदा महापालिकेच्या एका कार्यालयात गेले होते. कोणत्या शहरातल्या, ते सांगत नाही, सांगून फरक पडत नाही. तक्रार धुराची होती. टेबलामागच्या साहेबांनी माझं नाव वाचलं, गल्लीचं नाव वाचलं आणि म्हणाले, “ताई, तुमचेच लोक जाळतात ना तिथे. आधी त्यांना सांगा.” मला फार राग आला. घरी येऊन रात्री गच्चीवर गेले, तर ते अर्धं खरं निघालं. मागच्या मोकळ्या जागेत भंगारवाले केबल जाळत होते. वरचं प्लास्टिक जळून जातं, आतलं तांबं उरतं, त्याचा भाव येतो. ते प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं. जळताना त्यातून घशाला जाळणारा हायड्रोजन क्लोराइड निघतो, डायॉक्सिनही निघतात. जाळणारा पोरगा आपलाच, माल घेणारा व्यापारी आपलाच, धूर खाणारी बाळंतीणही आपलीच. तो व्यापारी पहिल्या सफमध्ये नमाज पढतो आणि मशिदीच्या कामाला भरघोस चंदा देतो, म्हणून त्याला कुणी बोलत नाही. आपल्या शोषणाच्या गोष्टीत शोषण करणारा नेहमी बाहेरचाच असतो असं धरून चालायची आपल्याला सवय लागली आहे.

साहेबांचं उरलेलं अर्धं मात्र खोटं होतं. केबल सोलायचं मशीन मिळतं, जाळायची गरजच नसते. भंगाराच्या धंद्याला परवाना, जागा आणि नियम देणं त्यांचं काम आहे. आणि गल्लीत गाडीच येत नसेल, तर लोकांनी कचरा घरात साठवायचा का? “तुमचेच लोक” म्हणून तक्रार परत करता येत नाही. घरपट्टीच्या पावतीवर जात-धर्माचा रकाना नसतो.

आपल्याला संघटित होता येत नाही, हेही मला कुणी सांगू नये. बकरी ईदचे तीन दिवस आठवा. पोरं पिशव्या वाटतात, कुठल्या कोपऱ्यावर कधी गाडी थांबेल ते मशिदीतून सांगितलं जातं, आतडी-चामडी रस्त्यावर पडू नयेत म्हणून म्हातारी माणसं काठी घेऊन उभी राहतात. जाळीच्या गाडीतून टपकलेलं रक्तसुद्धा धुतलं जातं. कारण शेजारच्या वस्तीने बोट दाखवू नये. म्हणजे दुसऱ्याच्या नजरेसाठी आपण तीन दिवस उत्तम काम करतो. आपल्याच लेकरांच्या फुफ्फुसांसाठी उरलेले दिवस का करत नाही? पाकीवर तर आपल्याकडे खुतब्यांची कमी नाही. पण पाकी म्हणजे वजू आणि कपडे एवढ्यावरच बयान थांबतं. गटारापर्यंत ते पोहोचत नाही.

धार्मिक संस्थेने यात काय करावं, याचं एक उदाहरण लांबचं आहे, पण सांगण्यासारखं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या वॉरन काउंटीत, काळ्या लोकांची वस्ती जास्त असलेल्या भागात, विषारी पीसीबी मिसळलेली माती पुरायची ठरलं. लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून जास्त अटका झाल्या. ट्रक तरीही आले, माती पुरली गेली. लढाई हरली. पण युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने त्यानंतर नुसत्या प्रार्थना केल्या नाहीत. त्यांनी देशभर मोजलं आणि १९८७ मध्ये अहवाल काढला. विषारी कचऱ्याच्या जागा कुठे आहेत, याचा सगळ्यात घट्ट संबंध तिथल्या लोकांच्या वंशाशी आहे, असं त्यात आकड्यांनी दाखवलं. पर्यावरणीय न्याय हा शब्द जगभर गेला त्यात या मोजणीचा मोठा वाटा आहे. मोजणी एका चर्चने केली. आपण गेली जवळजवळ वीस वर्षं सच्चर समितीचे आकडे भाषणात सांगतो. ते सरकारने मोजलेले आकडे आहेत. आपल्या जमातीने, ट्रस्टने, अंजुमनने स्वतः मोजलेली एक गोष्ट मला दाखवा.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते. गोवंडीचा प्रकल्प हलवायचं ठरलं, तेव्हा पुढची जागा रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात दाखवली गेली. तिथेही माणसं राहतात. जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात जातो, धुळ्याचा वरखेडी रोडला. शहरात बसून आपण ‘आमच्या दारातून उचला’ म्हणतो तेव्हा तो उचलून कुणाच्या तरी शेताच्या बांधावरच जातो. तेव्हा नुसतं ‘उचला’ म्हणणारी मागणी अर्धवट आहे. वेगळा करून द्या, ओल्याचं खत करा, जाळू नका, आणि आव्हाण्याच्या शेतकऱ्याला आपल्या बैठकीला बोलवा. आपल्या मोहल्ल्याला लागून बौद्ध वाडा असतो, भिल्ल वस्ती असते. त्यांच्याकडेही गाडी येत नाही. एवढ्या वर्षांत एका अर्जावर दोन्हीकडच्या सह्या मी पहिल्यांदा गेल्या महिन्यात पाहिल्या, आणि त्याही आम्ही बायकांनी घेतल्या. मशिदीच्या कमिटीत बाई नसते. चुलीपाशी, नळापाशी, आजारी पोरापाशी मात्र तीच असते, त्यामुळे कचऱ्याचं वेळापत्रक तिलाच पाठ असतं.

आम्ही फार काही केलेलं नाही. शंभर पानी वही घेतली. रोज लिहायचं: गाडी आली की नाही, किती वाजता, ओला-सुका वेगळा घेतला का, रात्री धूर होता का, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं. वही गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात दोरीने बांधली आहे. पहिल्या आठवड्यात लोक हसले. ९० दिवसांची नोंद झाल्यावर हसणं थांबलं, कारण त्यातले ६१ दिवस कोरे निघाले. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. घंटागाडीच्या ठेक्याची प्रत, आमच्या प्रभागातल्या गाड्यांचे जीपीएस मार्ग, डेपोवरच्या वजनकाट्याच्या पावत्या, एवढंच मागितलं. अर्ज मराठीत लिहिला तो उर्दू शाळेत दहावीला असलेल्या शेजारच्या मुलीने. तिच्या अक्षरापुढे मी माझं अक्षर लपवलं.

भंगारवाल्याकडेही गेलो होतो. आधी त्याने चहा पाजला, मग आवाज चढवला, मग म्हणाला सोलायच्या मशीनचा भाव विचारून सांगतो. अजून सांगितलेला नाही. वहीत त्याच्या जागेच्या नावाने धुराच्या रात्री लिहिणं चालू आहे, हे त्याला माहीत आहे.

माहितीचा अर्ज देऊन आज २२ दिवस झाले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील. त्याचा मसुदा त्या मुलीने लिहून ठेवला आहे, फक्त तारीख टाकायची बाकी आहे.