गवताला भाव नाही, म्हणून डोंगर पेटतो

कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

कोल्हापूर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर उसाचे मळे, साखर कारखान्यांची धुराडी आणि पंचगंगेचे पाणी उभे राहते. "त्यांचे काय, बारमाही पाणी आणि उसाचे बिल," असे तुम्ही म्हणता. आम्ही त्या कोल्हापूरचे नाही. आम्ही शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या डोंगरातले. खाचरात थोडे भात, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, चार काजूची झाडे, दावणीला दोन म्हशी आणि डोंगरावरचे गवत, एवढाच आमचा संसार. गगनबावड्याला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा उतारावरून खाली धरणात जातो. मार्चमध्ये वरच्या वाडीतल्या बाईला हंडाभर पाण्यासाठी झरा शोधत हिंडावे लागते. तेव्हा आम्हीही कोरडवाहूच. आमचे दुखणे तुमच्या बैठकीत मांडतो आहोत ते त्याच नात्याने.

आमचे दुखणे म्हणजे वणवा.

वणवा चढतो कसा?

पाऊस जास्त, म्हणून गवत पुरुषभर वाढते. दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि शिमग्यापर्यंत कागदासारखे वाळते. लाकूड वाळायला दिवस लागतात. गवताची काडी दोन तासांच्या उन्हात ठिणगी घ्यायला तयार होते. दुपारी तापलेली हवा दरीतून वर चढू लागते. त्यात घाटाखालून कोकणचा वारा येतो. आग उताराच्या पायथ्याला लागली तर तिची ज्योत वरच्या गवताला आधीच भाजून ठेवते. म्हणून सपाट माळावर जी आग माणूस चालत गाठतो, तीच चढावर माणसाला पळताना गाठते. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने फिरायला गेलेल्या वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारावर कोरड्या वाऱ्याने आग पसरली, तेव्हा जगातले सर्वांत श्रीमंत देशाचे बंब हतबल झाले. मग हातात ओली फांदी घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या माणसाची काय कथा!

आणि तरीही आमच्याकडे वणवा विझतो तो त्या ओल्या फांदीनेच. बंब डोंगरावर चढत नाही. वनरक्षक एकटा आणि त्याच्या वाट्याला कित्येक डोंगर. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने आगीची ठिकाणे शोधून वनखात्याला कळवते. काम चांगलेच आहे. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. वाळले गवत त्याची वाट पाहत थांबत नाही. निरोप खाली गावात पोचेपर्यंत सडा काळा झालेला असतो.

चोर सोडून संन्याशाला

सकाळी पंचनामा होतो आणि पहिला प्रश्न येतो, "कुणी लावली?" रात्रभर ज्यांचे हातपाय भाजले, त्यांनाच हा प्रश्न. कोणाचे गवत गेले, किती काजू होरपळले, कोणाची गंजी जळली, हे विचारायला कागदावर रकानाच नसतो.

हा कायदा नीट वाचा. १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याच्या ७९ व्या कलमाप्रमाणे, राखीव जंगलात ज्याला चराईचा किंवा काटक्यांचा हक्क आहे, त्याने आग दिसताच बोलावणे येण्याची वाट न पाहता ती विझवायला धावले पाहिजे. न धावला तर शिक्षा. मजुरीचा उल्लेख नाही. आणि २६ वे कलम म्हणते की राखीव जंगलात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे व वनोपजाचे हक्क वाटेल तितके दिवस बंद करू शकते. म्हणजे आग लावणारा एक वाटसरू आणि उपाशी राहणार सगळ्या वाडीची जनावरे! गोऱ्यांनी हा कायदा केला तो आपल्या इमारती लाकडासाठी. चराई बंद करणाऱ्या जंगलखात्यावर जोतीराव फुल्यांनी १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" मध्ये कोरडे ओढले होते. गोरा गेला, खाते राहिले.

खरे सरपण कोणते?

आम्ही म्हणतो, ठिणगी कोणाची हा प्रश्न दुय्यम आहे. ठिणगी बिडीची असेल, लोंबकळत्या विजेच्या तारेची असेल, सहलीला आलेल्यांच्या चुलीची असेल. पेटायला डोंगरभर वाळले गवत उभे का, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी ते उभे राहत नसे. गडीमाणसे दसऱ्यापासून कापणीला लागत, भारे डोक्यावरून खाली येत, दारोदारी गंज्या लागत. उरलेले जनावरे खात. आज तरणी पोरे मुंबई-पुण्याला गेली, गोठे रिकामे झाले. राहिलेल्याने गवत कापायचे म्हटले तर दिवसाची मजुरीही सुटत नाही. ज्या मालाला भाव नाही तो कोणी राखत नाही. कापसाला भाव पडला की वेचणी परवडत नाही आणि बोंडे झाडावरच राहतात, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. आमचे गवत तसेच झाडावर राहते. फरक एवढाच की ते पेटते.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहा. आमचा डोंगर जळतो त्याच महिन्यांत तुमच्याकडे दुष्काळी वर्षी कडब्याची पेंढी हातात धरवत नाही. दारची बैलजोडी मातीमोल जाते. मग सरकार काय करते? चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालते. २०२३ च्या टंचाईतही मराठवाड्यात असे हुकूम निघाले. चाऱ्याचा तुटवडा पडला की चारा पिकवणाऱ्याचे हात बांधायचे, ही सरकारी अक्कल! बंदी आली की व्यापारी येत नाही, व्यापारी नाही तर भाव नाही, भाव नाही तर कापणी नाही. एका टोकाला जनावर उपाशी आणि दुसऱ्या टोकाला वैरणीची राख.

डोंगरी गवत कडब्याची बरोबरी करत नाही, हे आम्ही मान्य करतो. शिवाय ते आकाराने मोठे आणि वजनाला हलके, गाडीभाडे खाऊन टाकणारे. पण वेळेवर, ओल असताना कापले आणि तुमच्या कापसासारख्या त्याच्या गाठी बांधल्या, तर दुष्काळात जनावर जगवायला ते पुरे आहे. गाठी बांधायचे यंत्र काही चंद्रावरून आणायचे नाही.

आमच्या पदरातली चूक

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडेही बघितले पाहिजे. "जाळले की गवत जोमाने येते," असे आमच्यातले काही जण अजून म्हणतात. पहिल्या पावसानंतर हिरवा कोंब लवकर दिसतो, हे खरे. पण राख आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्याला जाते, रोपे मरतात, आगीला दाद न देणारे राठ गवतच शिल्लक राहते आणि झरे आटतात. आज हिरवे दिसते ते उद्याचे भांडवल मोडून.

भाजावळ करणारे आम्ही, धुरा पेटवणारे आणि पऱ्हाटी जाळणारे तुम्ही. दोघांनीही हा नेम धरावा: वारा असेल त्या दिवशी काडी ओढायची नाही. करायचेच तर सकाळी लवकर, भोवतीने पट्टा साफ करून, चार माणसे आणि पाणी जवळ ठेवून. आणि राख गार झाल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आमच्या मागण्या

१. जाळरेषा जानेवारीअखेर पुऱ्या व्हाव्यात आणि ते काम गावाच्या हाताने, रोख मजुरीवर व्हावे. मार्चमध्ये काढलेली जाळरेषा म्हणजे वरात गेल्यावर घातलेला मांडव.

२. अभयारण्याबाहेरच्या जंगलातले गवत दसऱ्यानंतर कापून विकण्याचा हक्क गावाला मिळावा. चाऱ्यावरची जिल्हाबंदी कायमची उठावी.

३. वणवा विझवणाऱ्याला मजुरी, आणि भाजला तर उपचार व भरपाई. उत्तर ऑस्ट्रेलियात २००६ पासून मूळ रहिवाशांना हंगामाच्या सुरुवातीला आग आवरण्याच्या कामाचे पैसे मिळतात. इथे तेच काम करणाऱ्याला चौकशी मिळते.

४. सरकारच्या आपत्ती मदतीच्या यादीत "आग" हा शब्द आहेच. मग जळलेले गवत, काजू, गंजी आणि गोठा यांचा पंचनामा झालाच पाहिजे. तुमच्या खळ्यावरच्या कडब्याचाही.

५. एकाच्या चुकीसाठी गावाचे हक्क बंद करणारे कलम रद्द व्हावे.

कोणी म्हणेल, गावाच्या हाती जंगल दिले तर ते उरेल का? त्याने गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला जावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळाला. २०११ पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकते. विकायचा माल कोणी जाळत नाही. आमच्या धनगरवाड्यांना मात्र तोच कायदा तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा मागतो. ज्यांची नोंदच कधी कोणी केली नाही, त्यांनी कागद कोठून आणायचा?

राधानगरीचे जंगल १९५८ साली अभयारण्य झाले. २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण वारसा राखायचा असेल तर राखणारा आधी जगला पाहिजे. गवताला भाव द्या, गावाला हक्क द्या. डोंगराची राखण आम्ही करतो. आणि तुमच्या दावणीला वैरणही पाठवतो.

हा मजकूर बैठकीत मोठ्याने वाचा. पटले तर ठरावात आमच्या पाच मागण्या घाला.