दवाखाना दूर, मृत्यू जवळ

दर हिवाळ्यात नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि मेळघाट-गडचिरोलीतील बालमृत्यूंचा प्रश्न बहुधा उपस्थित होतो. आकडे वाचले जातात, आश्वासने दिली जातात आणि चर्चा कुपोषणापाशी येऊन थांबते. कुपोषणाने मूल दुबळे होते हे खरेच. परंतु अशा अनेक बालकांचा प्रत्यक्ष घास घेतो तो जंतुसंसर्ग, आणि तोही एक-दोन दिवसांत, याचा मात्र विसर पडतो.

नवजात बाळाचा आजार बोलका नसतो. बाळ दूध ओढीनासे होते, रडणे क्षीण होते, अंग तापते किंवा थंड पडते, हातपाय सैल पडतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते. घरची माणसे दृष्ट काढतात किंवा ‘बाळ शांत झोपले आहे’ असे समाधान मानतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटास ६० वा अधिक होणे हा धोक्याचा इशारा होय. तो ओळखावयास वैद्यकीय पदवी लागत नाही.

नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत हेच सिद्ध केले. ३९ गावांतील आरोग्यसेविकांना लक्षणे ओळखण्यास व प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास शिकविण्यात आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जंतुदोष झालेल्या नवजात बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते.

अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई द्यावी काय, हा आक्षेप तेव्हाही होता. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची आजची भीती तर अनाठायी मुळीच नाही. रुग्णालयातील उपचार श्रेष्ठ, हेही निर्विवाद. परंतु जेथे रुग्णालय गाठणे अशक्य, तेथे निवड गावातील उपचार व रुग्णालय यांत नसून, उपचार व मृत्यू यांत असते.

शासनाने २०११ पासून ‘आशा’ला नवजात बाळाच्या घरी धाडले, पण सुई तिच्या हाती दिली नाही. विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा २०१४ साली मिळाली ती परिचारिकेला. आणि तिच्या एका उपकेंद्राकडे अनेक गावे असतात. आज बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात, हे समाधान अपुरे आहे. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी परतते आणि संसर्ग पुष्कळदा त्यानंतर उद्भवतो.

तेव्हा पुढील अधिवेशनात केवळ मृत्यूंचा आकडा विचारला जाऊ नये. किती उपकेंद्रांत हे औषध प्रत्यक्ष शिल्लक आहे, किती परिचारिकांना ते देण्याचे शिक्षण मिळाले आहे, याचा हिशेब मागावयास हवा. आणि खेड्यात राहणाऱ्या शिक्षकाने, कारकुनाने एवढे तरी ध्यानी ठेवावे : दूध सोडलेल्या बाळासाठी उद्याची वाट पाहावयाची नसते.